घरातली शेवटची आग कोणती, ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाटण तालुक्यातलं डोंगराकडचं गाव, कौलारू घर, माणसं सहा. आई छप्पन्न वर्षांच्या, सकाळचा खोकला दोन वर्षं हटत नाही. घरात सहा महिन्यांचं बाळ. दारात दोन म्हशी. गॅस सात-आठ वर्षांपासून आहे, पण वर्षाला तीनच टाक्या लागतात, बाकी सगळं चुलीवर. विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत. त्यांना आईसाठी एक चांगली वस्तू घ्यायची आहे आणि पंख्याची चूल (बॅटरीवरच्या पंख्याने जाळाला हवा देणारी), चिमणीची म्हणजे धुराड्याची चूल आणि भिंतीतला एक्झॉस्ट पंखा यांपैकी काय घ्यावं असं ते विचारतात.

आधी खोकल्याचं. चुलीचं काम नंतर करा, या आठवड्यात आईंना डॉक्टरकडे न्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की थुंकीची तपासणी करायचीच असते, इथे तर दोन वर्षं झाली. शिवाय नळीत जोरात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात, ती स्पायरोमेट्री करून घ्या. बाई विडी-सिगारेट ओढत नाही म्हटल्यावर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या आकसून दम लागण्याच्या जुनाट आजाराचा, संशयच कोणाला येत नाही, आणि चुलीच्या धुराने होणारा तो ठरलेला आजार आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा की ही बाई लग्न झाल्यापासून चुलीपुढे बसते आहे. डोळेही दाखवा. मोतीबिंदूचा आणि या धुराचाही संबंध आहे.

आता मूळ गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांत चुली बांधते, दुरुस्त करते. गेली काही वर्षं धूर मोजायचं छोटं मीटरही बरोबर नेते. मला येणारे बहुतेक प्रश्न तुमच्यासारखेच असतात: कोणती चूल घेऊ? मी त्यांना उलटं विचारते: तुमच्या घरात दिवसातून किती वेळा आग पेटते आणि प्रत्येक वेळी कशासाठी? तुमच्या आकड्यांवरूनच बघा. सहा माणसांचा नुसता स्वयंपाक गॅसवर केला तर एक टाकी महिना-सव्वा महिना जाते. तीन टाक्या म्हणजे स्वयंपाकाचा साधारण चौथा हिस्सा गॅसवर होतो, बहुधा चहा, दूध तापवणं आणि पाहुणे आले तर भाजी. उरलेलं सगळं अजून लाकडावर आहे. त्यात चांगली वस्तू आणखी एक आणली तर तीही गॅसशेजारी बसेल आणि चूल चालूच राहील.

म्हणून आठ दिवस एक वही ठेवा. आग किती वाजता पेटली, कशासाठी पेटली आणि कधी विझली, एवढंच लिहायचं. पाटण खोऱ्यातल्या घरात या वहीत साधारण काय निघतं ते मला माहीत आहे. पहाटे आंघोळीचं पाणी, मग भाकरी, म्हशीचं आंबोण म्हणजे खुराक शिजवणं, संध्याकाळी भात-आमटी, पुन्हा भाकरी, आणि मध्ये दिवसभर राखेखाली राखून ठेवलेला विस्तव. तुमची वही वेगळी निघेल कदाचित, पण ती बघितल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

एवढा हट्ट का धरते, तेही सांगते. निम्मा धूर कमी झाला की निम्मा आजार कमी होतो, असं फुप्फुसाचं गणित चालत नाही. खूप धुरातून मध्यम धुरात आलात तर फायदा थोडाच होतो. मोठा फायदा शेवटच्या टप्प्यात, जवळजवळ धूर नसताना मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने बारीक कणांसाठी चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सुचवली आहे, आपल्या देशाचं मानक ६० आहे. बंद स्वयंपाकघरात ओलं जळण पेटवताना माझ्या मीटरवर चार आकडी आकडा येतो आणि दार उघडल्यावरही तो बराच वेळ तीन आकड्यांत राहतो. तिथून निम्म्यावर आलात तरी ६० पासून तुम्ही लांबच असता.

याची प्रत्यक्ष परीक्षाही झाली आहे. ग्वाटेमालात चिमणीची चूल देऊन मुलांच्या न्यूमोनियावर नजर ठेवली. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. मुलांच्या वाट्याचा धूर सरासरी निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया कमी झाला, पण डॉक्टरांनी निदान केलेला एकूण न्यूमोनिया खात्रीने कमी झाला असं म्हणता आलं नाही. मलावीत दहा हजारांहून जास्त मुलांच्या घरांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पंख्याच्याच चुली दिल्या होत्या, तरी न्यूमोनियात फरक पडला नाही, बहुधा घरात आणि घराभोवती कचऱ्याचा आणि इतर धूर होताच म्हणून. भारतासह चार देशांत गरोदर बायकांना गॅस देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात, २०२२ मध्ये, बाळांच्या जन्माच्या वजनातही स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणून चूल बंद झाली की आईंचा खोकला जाईल, असं वचन मी तुम्हाला देणार नाही. फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, पण पुढची घसरण हळू होते. डोळ्यांची आग आणि धाप मात्र बहुतेक बायकांची महिन्या-दोन महिन्यांत कमी झालेली मी पाहिली आहे. आणि घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घरात सहा महिन्यांचं बाळ असताना अर्धवट उपायावर थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

वहीतली सगळ्यात मोठी नोंद बहुधा आंघोळीच्या पाण्याची निघेल. लोक स्वयंपाकाच्या चुलीकडे बघत राहतात आणि निम्मं जळण पाणी तापवण्यात जातं. हिशेब सोपा आहे. सहा जणांना मिळून ७५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायचं तर सव्वादोन युनिट वीज लागते. गॅसवर केलंत तर रोज पाव किलोपेक्षा थोडा जास्त गॅस, म्हणजे १४.२ किलोची टाकी नुसत्या आंघोळीवर पन्नास दिवसांत संपेल. घरातले लोक गॅसवर पाणी तापवायला तयार नसतात याचं कारण हेच आहे आणि ते बरोबर आहे. माण, खटाव किंवा जतमध्ये मी सरळ छतावर सौर बंब बसवा म्हणते. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ऊन भरपूर. तुमच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही, त्यामुळे त्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येणार नाही. तुमच्याकडे अर्थिंग नीट असेल तर विजेचा गीझर, नसेल तर जुना तांब्याचा बंब. बंबाच्या मधोमध जाळाची नळी असते, धूर वर निघतो, तोंडावर येत नाही. तो पडवीत ठेवायचा, घरात नाही. बादलीत सोडायची विजेची कांडी मला पसंत नाही. लोखंडी बादली, ओली जमीन आणि घरात लहान मूल, यात जीव जातो.

दुसरी नोंद भाकरीची. गॅसवरच्या भाकरीला चव नाही असं सगळ्याच सांगतात आणि घरातले पुरुष तेच खरं मानून गप्प बसतात. मीही बरीच वर्षं तेच खरं धरलं होतं. मग वाळवा तालुक्यातल्या एका आजींनी मला त्यांच्या ओट्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "आता थाप बघू भाकरी." ओटा माझ्या कमरेच्या वर, काटवट ठेवायला वीतभर जागा. हाताला जोरच येईना. चूल सोडायची त्यांची अडचण चवीची नव्हतीच, उंचीची होती. जमिनीवर बसून काटवटीत थापणं हे अंगात मुरलेलं काम आहे. गॅसची शेगडी मात्र खाली ठेवता येत नाही, ती टाकीच्या उंचीच्या वरच हवी. म्हणून ओटा करताना आईंना शेजारी उभं करून त्यांच्या मनगटाच्या अंदाजाने उंची घ्या, शेगडीशेजारी काटवटीला अडीच फूट मोकळी जागा सोडा. तवा बिडाचा, जाड. भाकरी पालटून झाल्यावर जाळीवर मोठ्या आचेवर फुगवायची. पहिले चार-पाच दिवस बिघडतील, मग हात बसतो. आईंना उभं राहून कंबर दुखत असेल तर सपाट बुडाचा बिडाचा तवा आणि इंडक्शन. ते पाटावर, जमिनीलगत ठेवता येतं. त्यावर भाकरी फुगवायला जाळ नसतो, फडक्याने दाबून भाजावी लागते. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा इंडक्शन हा जोडीदार समजा, मुख्य आधार नको.

दारात दोन म्हशी आहेत ही तुमची मोठी जमेची बाजू, आणि प्रश्नात तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. दोन म्हशींचं मिळून पंचवीस-तीस किलो शेण रोज निघतं. तेवढ्यात साधारण एक घनमीटर गोबरगॅस होतो, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम सिलिंडरच्या गॅसएवढा. सहा माणसांच्या स्वयंपाकाला तो जवळपास पुरतो, आंघोळीला नाही. शेणाइतकंच पाणी रोज घालावं लागतं आणि थंडीत गॅस कमी होतो. खोऱ्यात खड्डा खणताना पावसाळ्यातलं जमिनीखालचं पाणी कुठपर्यंत चढतं ते गावातल्या जुन्या विहिरीवरून बघा, नाहीतर पाणी वर येऊन टाकी उचलली जाते. म्हैस विकायचा विचार घरात चालू असेल तर मात्र हा खर्च करू नका. गोठा रिकामा झाला म्हणून बंद पडलेले गोबरगॅस मी जितके पाहिलेत तितके कुठल्याही बिघाडाने बंद पडलेले पाहिले नाहीत.

आता तुम्ही विचारलेल्या तीन वस्तू. पंख्याची चूल खरोखर कमी धूर करते. धूर म्हणजे न जळता निघून गेलेलं इंधनच असतं. हवा जोरात मिसळली आणि उष्णता टिकली की ते जळून जातं. पण तिला दोन-तीन इंचांचे, वाळलेले, एकसारखे तुकडे लागतात आणि बॅटरी चार्ज करावी लागते. सांगली भागात द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या कापून वाळवून ठेवणाऱ्या घरांत ती चांगली चालते. तुमच्या आई पहाटे पाचला उठून कोयत्याने ढलप्या पाडत बसतील का, हे तुम्ही नाही, त्यांनी सांगायचं.

चिमणीची, म्हणजे निर्धूर चूल मी शेकडो बांधल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी दोन-तीन वर्षांत बंद पडलेल्या परत जाऊन पाहिल्या आहेत. सुरुवातीच्या काळात मी चुलीचं तोंड फाडलेल्या लाकडाच्या मापाचं ठेवत असे. जतकडच्या बायका तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळतात, त्या त्या तोंडात मावेनात. त्यांनी तोंड फोडून मोठं केलं आणि चुलीची ओढच गेली. चूक त्यांची नव्हती, मी त्यांचं जळण न बघता माप धरलं होतं. सरकारने १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि तो २००२ मध्ये बंद झाला. ओडिशात पुढे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चिमणीच्या चुलीचा फायदा पहिल्या वर्षी दिसला आणि नंतर विरून गेला, कारण घरांनी त्यांची देखभाल केली नाही. तुम्ही बांधून घेणार असाल तर धुराडं आढ्याच्या वर हात-दीड हात निघू द्या, वर पावसाची टोपी, लाकडी वाशापासून ते लांब ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी काजळी झाडायचं काम घरातल्या एका माणसाच्या नावावर लावा. मागच्या वैलावर भांडं नसेल तर वैलाचं भोक झाकलेलं हवं, नाहीतर सगळा धूर तिथूनच घरात येतो. आणि चिमणी धूर जाळत नाही, फक्त बाहेर सोडते. घरं एकमेकांना लागून असतील तर तो शेजारच्या खिडकीतून आत जातो.

एक्झॉस्ट पंख्याबद्दल एकच गोष्ट बघा. वारा आईंच्या पाठीकडून येऊन चुलीवरून बाहेर गेला पाहिजे. पंखा त्यांच्या पाठीमागे बसवला की धूर त्यांच्या तोंडावरून ओढला जातो, आणि खोली मात्र स्वच्छ दिसते. धूर खोलीत किती आहे यापेक्षा तो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकाशी किती आहे हे महत्त्वाचं आहे. घरातल्या धुराचे अभ्यासक कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत मोजमाप केलं, ते स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्र लावून केलं होतं. मीही मीटर भिंतीवर टांगत नाही, बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर धरते.

तुमच्या भागात एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. धूर बंद केला तर माळ्यावरचं भात आणि जळण वाळणार कसं, कौलाखालच्या वाशांना कीड लागेल, डास वाढतील. चार महिने संततधार असलेल्या घरात धुराने ही कामं पिढ्यान्‌पिढ्या केली आहेत. त्यांची सोय आधी करावी लागते. जळणाची अगोटीची बेगमी मृगाच्या आधी पत्र्याखाली, जमिनीपासून वीतभर उंच मांडून ठेवा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते उकळून उडवण्यातच जाळ जातो, आच उतरते आणि धूर वाढतो. तेच लाकूड उन्हाळाभर वाळलं तर पाणी पाचव्या हिश्शावर किंवा त्याखाली येतं. डासांना मच्छरदाणी.

म्हशीचं आंबोण आणि लग्नकार्याचा स्वयंपाक, या आगी सुटणार नाहीत. त्या छपराखालून बाहेर काढा. पावसाळ्यात बाहेर चूल चालत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते उघड्यावर खरं आहे. तुमच्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो. घराच्या पूर्वेला, परड्याच्या बाजूला, पत्र्याची उंच पडवी काढा. पश्चिमेला घराची भिंत आडोसा देतेच, दक्षिणेला पावसाआड झडी बांधा, उरलेल्या दोन बाजू मोकळ्या सोडा. पडवीकडचं घराचं दार-खिडकी आग पेटलेली असताना बंद. या एका पडवीने चिमणीपेक्षा जास्त काम केलेलं मी पाहिलं आहे.

पडवी होईपर्यंत आजपासून करता येण्यासारखं बरंच आहे. आग पेटवायला दुधाची पिशवी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायची सवय आधी मोडा. तो धूर विषारी असतो. नारळाची शेंडी, वाळलं गवत, तुराटीचा चुरा पुरतो. सगळ्यात जास्त धूर पेटवताना आणि विझताना होतो, म्हणून स्वयंपाक झाला की लाकडं ओढून बाहेर विझवा, राखेखाली विस्तव राखू नका. काडेपेटी स्वस्त झाली, ती सवय मात्र राहून गेली. शेणी शेतात खताला जाऊ द्या, चुलीत घालायच्याच तर घराबाहेर. डाळ भिजवून कुकरला, भाताला एक कढ आला की पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं, तो आपोआप शिजतो. बाळाला चूल पेटलेली असताना कडेवर घेऊन कोणी तिथे बसायचं नाही, दार लावलेल्या दुसऱ्या खोलीत ठेवायचं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. थंडीत बाळासाठी म्हणून निखाऱ्याची शेगडी किंवा कोळशाचं घमेलं बंद खोलीत नेऊ नका. कोळशाला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा केला, त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा २००२ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला, आणि उसाच्या पट्ट्यात ते मोलाचं काम आहे. पण कोळसा कुठलाही असो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. कोळशावर काहीही करायचं ते उघड्यावर.

पैशाचा क्रम तुमच्यासाठी मी असा लावीन. आईंची तपासणी या आठवड्यात. वही आठ दिवस. मग पाणी तापवण्याची सोय आणि पूर्वेची पडवी, या दोन्ही मृगाच्या आधी. ओटा आईंच्या उंचीचा. टाक्या वर्षाला तीनऐवजी दहा-बारा लागतील, तो खर्च पुण्यातून तुम्ही उचला आणि तसं आईंना स्पष्ट सांगा, कारण बहुतेक घरांत बाई गॅस वाचवते ती पैसे मागायला लागू नयेत म्हणून. गोबरगॅस दिवाळीनंतर, म्हशी राहणार असतील तर. पंख्याची चूल सध्या घेऊ नका.

वही आईंनाच लिहू द्या, लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगायचं आणि सुनेने लिहायचं. आठ दिवसांनी त्यात कोणती आग सगळ्यात जास्त वेळ पेटलेली निघाली ते मला कळवा. ती आंबोणाची निघाली तर पडवीचं माप थोडं बदलावं लागेल, ते मी सांगते.